घरगुती यंत्रविचार : मोटार, वारा आणि माडीवरचे पत्रे

पुण्याहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. घर एकत्र, माणसें नऊ, मोटार एक. धाकट्या दिरांचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहेत. अमेरिकेंतील हौशी लोकांच्या खटपटी वाचून त्यांनीं सुटींत घरच्या गाडीवर तसाच प्रयोग करण्याचा बेत केला आहे. जाहिरातीच्या फलकांसाठीं वापरतात ते नालीदार प्लॅस्टिकचे पत्रे, ज्यांस बाजारांत सनपॅक म्हणतात, ते आणून माडीवर रचलेहि आहेत. गाडीचें पोट झांकावयाचें, चाकें झांकावयाचीं, तोंडाची जाळी अर्धी बंद करावयाची आणि मागें निमुळतें शेपूट लावावयाचें; म्हणजे पेट्रोल निम्में लागेल, असें त्यांचें म्हणणें. मामंजींचें म्हणणें असें कीं, गाडीला एक भोंकहि पडतां कामा नये. दिवाळीनंतर सर्वांना ताम्हिणीच्या वाटेनें कोंकणांत जावयाचें आहे, आणि त्यापूर्वीं या वादाचा निकाल लागावा, अशी भगिनीची इच्छा आहे. कोणाचेंहि मन न दुखवितां खरें काय तें सांगावें, असें त्या लिहितात. मन न दुखविण्याची हमी आम्हांस देतां येत नाहीं. खरें काय तें सांगण्याचा प्रयत्न करतों.

आधीं चिरंजीवांची बाजू. त्यांच्या म्हणण्याचें मूळ खरें आहे. हवा डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून तिला वजनच नाहीं असें आपण मनांत धरून चालतों. पण एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२ किलो भरतें. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या लहान मोटारीच्या वाटेंत दर सेकंदास सुमारें सत्तर किलो हवा येते, आणि ती सारी तिला बाजूस सारावी लागते. एक धट्टाकट्टा माणूस दर सेकंदाला उचलून बाजूस ठेवण्यासारखें हें काम आहे. त्याची मजुरी पेट्रोलमधून जाते.

ही मजुरी किती, याचा हिशेब फारसा अवघड नाहीं. माणसांसह १३०० किलो वजनाची एक लहान मोटार घेऊं. समोरून पाहिलें असतां तिचें क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर, आणि तिचा रोधगुणांक ०.३३ धरूं. रोधगुणांक म्हणजे आकाराची प्रकृति सांगणारा अंक. सपाट फळी वाऱ्यास आडवी धरली तर तो एकाच्याहि वर जातो. माशासारख्या निमुळत्या वस्तूचा तो ०.०५ च्या आसपास येतो; आजच्या सामान्य लहान मोटारी ०.३० ते ०.३५ यांच्या दरम्यान असतात. या गाडीला ताशीं ४० किलोमीटर वेगास हवेचा रोध सुमारें ५ किलो वजनाइतका होतो, ८० वेगास २० किलो, आणि १०० वेगास ३१ किलो. वेग दुप्पट केला कीं रोध चौपट होतो, हा यांतला मुख्य नियम. टायर रस्त्यावर लोळतांना होणारा रोध मात्र वेगाबरोबर फारसा बदलत नाहीं; या गाडीस तो साधारण १४ किलो धरावा. म्हणजे ताशीं पासष्ट-सत्तरपर्यंत टायरांचा रोध वरचढ, आणि तेथून पुढें हवेचा.

एवढ्यावरून दोन गोष्टी लगेच निघतात. पहिली ही कीं, गांवांतल्या गांवांत या खटपटीचा कांहींएक उपयोग नाहीं. लक्ष्मी रस्त्यावर मोटारीला माशाचा आकार द्या कीं ट्रंकेचा द्या, पेट्रोल तितकेंच जळेल. दुसरी गोष्ट निम्म्या पेट्रोलची. ताशीं ८० वेगास हवेचे २० आणि टायरांचे १४ मिळून ३४ किलो होतात. त्याचे निम्मे १७. टायरांचे १४ कमी होत नाहींत. म्हणजे हवेचा रोध २० वरून ३ वर आणावा लागेल. त्याला रोधगुणांक ०.०५ पाहिजे, म्हणजे गाडीचा अक्षरशः मासा झाला पाहिजे. शिवाय ओझें कमी झालें कीं पेट्रोलचें इंजिन थोडें आळसानें, कमी कार्यक्षमतेनें चालतें. त्यामुळें रोध जितका उतरतो तितक्या प्रमाणांत पेट्रोल उतरत नाहीं. हवेचा रोध दहा टक्के कमी केला तर महामार्गावर चार-पांच टक्के पेट्रोल वांचेल, हा सरासरीनें खरा ठरणारा अंदाज आहे. चिरंजीवांनीं निम्म्याचा आंकडा आजोबांसमोर काढावयास नको होता. आजोबा हिशेबाचे पक्के असावेत असें पत्रावरून दिसतें.

तरी चार-पांच टक्के कांहीं टाकावू नव्हेत. मग तें वांचवावयाचें कोठें? बहुतेकांची दृष्टि गाडीच्या नाकाकडे जाते. नाक अणकुचीदार केलें म्हणजे गाडी वारा कापीत जाईल, ही कल्पना तलवारीवरून सुचली असावी. वस्तुतः नाक नुसतें गुळगुळीत व गोलसर असलें तरी काम भागतें. खरी गोम शेपटाकडे असते. घरांतील मुलांनीं वडील माणसांच्या देखत हा प्रयोग करून पाहावा. मेणबत्ती पेटवून तिच्यापुढें एक गोल बाटली उभी करा, आणि बाटलीच्या अलीकडून जोरानें फुंका. मध्यें बाटली असूनहि ज्योत विझते. कारण हवा बाटलीच्या दोन्ही कुशींवरून वळून पलीकडे पुन्हां एकत्र येते. आतां बाटलीच्या जागीं तितक्याच रुंदीची एक पुठ्ठ्याची वही आडवी धरा आणि तसेंच फुंका. ज्योत विझत तर नाहींच. उलट ती वहीकडे, म्हणजे फुंकणाराच्याच दिशेनें, झुकते! वहीच्या कडेवर हवेचा प्रवाह फाटतो, मागें भोंवरे उठतात आणि तेथला दाब उतरतो. मोटारीची उभी चौकोनी पाठ म्हणजे ती वही. तिच्यामागें हलक्या दाबाचा एक खळगा गाडीबरोबर धांवत असतो आणि गाडीला सतत मागें ओढीत असतो.

पाठ हळूहळू निमुळती केली तर हवा अंगास चिकटून राहते आणि हा खळगा लहान होतो. मात्र उतार सौम्य पाहिजे, दहा ते पंधरा अंशांच्या आंत. त्याहून अधिक केला कीं प्रवाह पुन्हां फाटतो आणि केलेलें सारें व्यर्थ जातें. खरें निमुळतें शेपूट फार लांब होतें, आणि तें रस्त्यावर सोयीचें नाहीं. जर्मनीमध्यें स्टुटगार्टचे प्राध्यापक वुनिबाल्ड काम यांनीं १९३० च्या दशकांत असें दाखविलें कीं, उतार बरोबर ठेवून शेपूट मध्येंच सपाट तोडलें तरी बराचसा लाभ पदरांत पडतो. आजहि कित्येक गाड्यांच्या मागल्या कांचेचा उतार आणि शेवटची तुटक कड त्याच विचाराची साक्ष देते. त्याच सुमारास अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीच्या अभियंत्यांना हवेच्या बोगद्यांत परीक्षा घेतांना असें आढळलें कीं, त्या वेळच्या मोटारी पुढच्यापेक्षां उलट्या तोंडानें अधिक सहज जातात. त्यावरून त्यांनीं १९३४ सालीं ‘एअरफ्लो’ ही गोलसर गाडी काढली. ती शास्त्राला पसंत पडली, गिऱ्हाइकांना पडली नाहीं, आणि १९३७ नंतर बंद झाली.

घरीं पत्रे ठोकून गाडी सुधारण्याच्या विषयांत आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटते ती कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांतील गोष्ट. तेथें नासाचें ड्रायडन उड्डाण-संशोधन केंद्र होतें; २०१४ पासून त्याचें नांव आर्मस्ट्राँग केंद्र असें झालें आहे. एडविन सॉल्ट्झमन नांवाचे तेथील अभियंते १९७३ सालीं सायकलीनें कचेरीस जात असत. शेजारून मोठा ट्रक गेला कीं प्रथम हवेचा धक्का त्यांना बाहेर ढकली, आणि ट्रक पुढें निघतांच तीच हवा त्यांना आंत ओढी. विमानांच्या आकारांवर काम करणाऱ्या माणसाला यांत काय आहे तें सांगावें लागत नाहीं. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक फोर्ड व्हॅन घेतली, तिच्याभोंवतीं सांगाडा उभारला आणि ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे ठोकून तिचें काटकोनी खोकें करून टाकलें. या ध्यानाला तेथील लोक ‘बुटांचें खोकें’ म्हणत. मग एकेक कोपरा गोल करीत ते मापें घेत गेले. पुढचेमागचे उभे कोपरे गोल करतांच रोध ४० टक्के उतरला. आडव्या कडाहि गोल केल्यावर एकंदर उतार ५४ टक्क्यांवर गेला. आंतली जागा गेली ती अवघी ३ टक्के. पुढें पोट झांकून पाहिलें, निमुळतें शेपूट जोडून पाहिलें. शेपटानें आणखी सुमारें १५ टक्के मिळाले. मोठ्या ट्रकांच्या टपावर आज जीं वळणदार आवरणें दिसतात, त्यांच्यामागें अशा प्रयोगांचा वांटा मोठा आहे.

हे आंकडे वाचून तरुणांचे डोळे चमकतात, आणि नेमकें येथेंच सांभाळावयाचें असतें. ५४ टक्के मिळाले ते खोक्याचे कोपरे गोल केल्यामुळें. आपल्या अंगणांतली मोटार खोकें नाहीं. तिचे कोपरे कारखान्यांतूनच गोल होऊन आलेले आहेत. सहज हातीं लागणारें पीक कारखानदारानें आधींच कापून नेलें आहे. आपल्यासाठीं राहिला तो सरवा. १९९२ सालच्या एका होंडा सिव्हिक गाडीवर अमेरिकेंतील एका गृहस्थानें घरच्या घरीं असा सरवा वेंचला. पोट, चाकें, मागली बाजू सारें झांकून त्यानें लांब शेपूट लावलें, आणि रोधगुणांक ०.१७ वर आणला, लिटरला चाळीस किलोमीटर मिळूं लागले, असा त्याचा दावा आहे. आंकडे मालकाचे स्वतःचे आहेत. पण अशक्य म्हणण्याजोगे नाहींत. आमच्या मतें चिरंजीवांनीं वाचलेली खटपट हीच असावी. मात्र ती गाडी लांब, सरळ, मोकळ्या महामार्गांवर एकसारख्या वेगानें चालणारी होती. तिला ताम्हिणी घाट उतरावयाचा नव्हता आणि दर फर्लांगावर गतिरोधक ओलांडावयाचे नव्हते.

आतां माडीवरच्या पत्र्यांकडे येऊं. तोंडाची जाळी अर्धी बंद केली तर थोडा लाभ होतो, हें खरें. नव्या कित्येक गाड्यांत आपोआप मिटणाऱ्या झडपा त्यासाठींच असतात. पण त्या झडपा इंजिन तापलें कीं उघडतात, सनपॅक उघडत नाहीं. आपल्याकडे रेडिएटरच्या पुढें थंड हवेच्या यंत्राचीहि जाळी बसविलेली असते. भर दुपारीं माणसांनीं भरलेली गाडी घाट चढूं लागली म्हणजे तिला मिळेल तेवढी हवा हवी असते. हा उपाय नको.

चाकांवर सपाट चकत्या बसविणें हा उपाय वाटतो त्याहून प्रभावी आहे. एकंदर वातरोधापैकीं सुमारें चतुर्थांश चाकें व त्यांच्या खांचा यांच्यापायीं असतो. पण त्याच फटींतून ब्रेकांना वारा मिळतो. १३०० किलोची गाडी सहाशें मीटर खालीं उतरते तेव्हां जी शक्ति कोठें तरी मुरवावी लागते, तिच्यानें वीस लिटरांहून अधिक पाणी उकळीस येईल. त्यांतला कांहीं भाग इंजिन घेतें, कांहीं हवा घेते, उरलेला ब्रेकांच्या तबकड्यांत जातो. बाहेर पडावयास वाट नसेल तर ब्रेक लागेनासे होतात. घराच्या नऊ माणसांपैकीं जितकीं गाडींत मावतील तितकीं बसवून ही परीक्षा पाहण्याचें कारण नाहीं.

पोट झांकण्याविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. मोटारीचें पोट म्हणजे नळ्या, दांडे आणि खळगे यांचा बाजार. तें सपाट केलें तर लाभ होतो हें निश्चित. परंतु तेथूनच सायलेन्सरची नळी जाते, आणि तिच्या पुढल्या अंगाला धूर शुद्ध करणारी जी डबी असते ती कित्येकशें अंशांपर्यंत तापते. सनपॅक त्याच्या कितीतरी आधीं वितळतो आणि पेटतोहि. म्हणून घरचें प्लॅस्टिक गाडीच्या पोटाखालीं नको, यांत आम्ही तडजोड करणार नाहीं. याऐवजीं एक काम मात्र चिरंजीवांनीं अवश्य करावें. गाडीच्या इंजिनाखालीं कारखान्यानें दिलेलें मूळचें आवरण जागेवर आहे काय, तें वांकून पाहावें. तेल बदलतांना तें काढतात आणि पुष्कळदां परत बसवीत नाहींत, किंवा दोन स्क्रूंवर लोंबत ठेवतात. तें मिळवून नीट बसविलें तर पोटाचा बराचसा पुढला भाग सपाट होतो, शिवाय चिखल आंत जात नाहीं. त्याला मामंजींचीहि हरकत असूं नये. कारण भोंकें मूळचींच आहेत.

शेपटाचा प्रश्न कायद्यानेंच सोडविला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपुस्तकांतला तपशील मूळ बनावटीपासून बदलेल असा फेरफार मालकाला करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हें कलम कडकपणें लावलें. गाडीची लांबी वाढविणारें, मागला दिवा किंवा क्रमांकाची पाटी झांकणारें शेपूट म्हणजे दंडाला आणि विम्याच्या भांडणाला आमंत्रण. शोभेचे स्पॉयलर कायद्यांत बसोत न बसोत, त्यांपैकीं बहुतेक रोध कमी करण्याऐवजीं वाढवितात. पुढें बसविण्याचे लोखंडी कठडे तर डिसेंबर २०१७ मध्यें केंद्र सरकारनें बंदच केले. कोणाच्या गाडीला ते अजून असतील तर काढावे. बाजूचे आरसे थोडा रोध करतात, तो करूं द्यावा.

हें सारें वाचून मामंजींना समाधान वाटत असेल. पण भगिनीच्या पत्राच्या अखेरीस सहज लिहिलेली एक ओळ आहे, ती आम्हांस साऱ्या पत्रांत महत्त्वाची वाटली. गाडीच्या टपावर मामंजींनीं हौसेनें लोखंडी कॅरियर बसविलेलें आहे आणि तें बाराहि महिने तेथेंच असतें. कधीं वर ताडपत्रींत बांधलेलें सामान असतें, कधीं नुसताच सांगाडा. अमेरिकन सरकारच्या इंधनविषयक माहितींत टपावरील सामानाच्या मोठ्या पेटीचे आंकडे दिलेले आहेत. गांवांत २ ते ८ टक्के इंधन अधिक खर्चीं पडतें, महामार्गावर ६ ते १७, आणि ताशीं शंभराच्या पुढें १० ते २५ टक्के. आणि ती पेटी गुळगुळीत, बंद तोंडाची. आपली ताडपत्री फडफडणारी, दोरांनीं आवळलेली. रिकाम्या सांगाड्याचा खर्च याहून पुष्कळ कमी, पण तो रोजचा. चिरंजीवांनीं सारे पत्रे कौशल्यानें ठोकून जें मिळविलें असतें, त्याहून अधिक मामंजींचें कॅरियर सुटींतल्या एकेका प्रवासांत खात असेल. तें चार नटांवर बसतें, आणि पान्यानें पंधरा मिनिटांत निघतें. कोंकणांत जातांना सामान डिकींत मावेल इतकेंच न्यावें. परततांना आमसुलें, पापड, फणसपोळी यांचा प्रश्न येईल. त्यांनीं पायांशीं बसावें.

दुसरा उपाय याहूनहि स्वस्त. ताशीं १०० ऐवजीं ८० वेगानें गेलें तर हवेचा रोध ३१ किलोंवरून २० वर येतो, म्हणजे छत्तीस टक्के कमी होतो. एवढी घट पत्रे ठोकून घडविणारा माणूस लाखांत एक. मुंबई-पुणें द्रुतगती महामार्ग सुमारें ९५ किलोमीटरांचा. घाट बाजूस ठेवला तर १०० च्या ऐवजीं ८० नें जाण्यांत चौदा मिनिटांचा फरक पडतो. अर्थात् डाव्या बाजूनें जावें, आणि ट्रकाच्या पाठीस चिकटून त्याच्या आडोशाचा लाभ घेण्याचा विचार मनांतहि आणूं नये. खिडक्या गांवांत उघड्या आणि महामार्गावर बंद असाव्या, इतकें सांगून हा भाग पुरा करतों.

मात्र चिरंजीवांची हौस अशी दडपून टाकणें आम्हांस पसंत नाहीं. ज्या घरांत एक मुलगा आकडेमोड करून कांहीं करूं पाहतो, त्या घरानें त्याला ठोकावयास नाहीं तरी मोजावयास अवश्य द्यावें. पहिला प्रयोग लोकरीचा. घरांत विणकामाची उरलेली रंगीत लोकर असेलच. तिचे वीतभर तुकडे करून साध्या चिकटपट्टीनें गाडीच्या टपाच्या मागल्या भागावर, मागल्या कांचेवर व कुशींवर वीत-वीत अंतरानें लावावे. भोंक पडत नाहीं, रंग जात नाहीं. मग दुसऱ्या गाडींतून शेजारून जात कोणीं तरी चित्र घ्यावें. चालविणारानें घेऊं नये. जेथें धागे सरळ मागें झोपलेले दिसतील तेथें हवा अंगास चिकटून आहे. जेथें ते वळवळतील, उलटे फिरतील, तेथें ती फाटली आहे. मेणबत्तीच्या ज्योतीनें जें दाखविलें तेंच येथें स्वतःच्या गाडीवर दिसतें, आणि टपावर कॅरियर असतांना व नसतांना धागे कसे बदलतात हें आजोबांनाहि पाहावेंसें वाटेल.

दुसरा प्रयोग घड्याळाचा. निर्मनुष्य, सरळ, सपाट रस्ता आणि वारा पडलेली पहाट पाहिजे. ताशीं ८० च्या थोडा वर वेग न्यावा, गाडी न्यूट्रलमध्यें टाकावी, आणि वेग ८० वरून ६० वर उतरावयास किती सेकंद लागतात तें शेजारी बसलेल्यानें मोजावें. इंजिन बंद करूं नये. केल्यास सुकाणू व ब्रेक दोन्ही जड होतात. वर धरलेल्या गाडीस पंचवीस सेकंदांच्या आसपास लागतील. आतां गंमत अशी कीं, वातरोध दहा टक्के घटविला तरी हा काळ जेमतेम सव्वा सेकंदानें वाढतो; आणि रस्त्याला किलोमीटरमागें एका मीटरचा उतार असला, जो डोळ्यांस दिसतहि नाहीं, तरी जवळजवळ तितकाच फरक पडतो. म्हणून प्रत्येक माप दोन्ही दिशांनीं, निदान पांच-पांच वेळां घ्यावें आणि सरासरी काढावी. टायरांतली हवा, गाडींतली माणसें आणि टाकींतलें पेट्रोल दर वेळीं तेंच ठेवावें. पहिल्या दिवशीं कॅरियरसह, दुसऱ्या दिवशीं कॅरियर काढून. आंकडे वहींत मांडावे, आणि ती वही मामंजींनींच सांभाळावी. माडीवरचे पत्रे पावसाळ्यांत खिडकीच्या आडोशास उपयोगीं पडतील.